जिम कॉर्बेटने आपल्या शेवटच्या नरभक्षक वाघिणीला चक्क हाक मारून बोलावलं होतं

३० नोव्हेंबर १९३८ ची संध्याकाळ. कुमाऊंच्या डोंगरात, नेपाळच्या सीमेला लागून वाहणाऱ्या शारदा नदीच्या वरच्या अंगाला ठाक नावाचं एक छोटं गाव. गावात माणूस नाही. चुली थंड, दारं बंद. एका वाघिणीने माणसं खायला सुरुवात केल्यावर अख्खं गाव उठून खाली निघून गेलं होतं.

त्याच गावाच्या खालच्या वाटेवर एक ६३ वर्षांचा माणूस उभा होता. हातात दुनळी रायफल, सोबत गावातली काही माणसं आणि बकऱ्या. सूर्य बुडाला होता. थोड्या वेळात रायफलीची माशीही दिसली नसती. त्याने ठरवलेली मुदत त्याच दिवशी संपत होती. दुसऱ्या दिवशी तो परत जाणार होता आणि त्यानंतर पुन्हा कधी नरभक्षकाच्या मागे जायचं नाही, असं त्याचं पक्कं झालं होतं.

तेवढ्यात डोंगरातून वाघिणीची डरकाळी आली. ती जोडीदार शोधत होती.

त्या माणसाने तोंडाभोवती हात धरले, छातीत हवा भरून घेतली आणि नर वाघाच्या आवाजात तिला उत्तर दिलं.

हा माणूस म्हणजे जिम कॉर्बेट. त्याचं नाव माहीत नाही असा माणूस आपल्याकडे विरळाच. कुणी शाळेत धडा वाचलेला असतो, कुणी त्याच्या नावाच्या अभयारण्यात जिप्सीतून फिरून आलेलं असतं. त्याच्या पुस्तकांची मराठी भाषांतरंही घरोघरी पोचली आहेत. पण कॉर्बेट म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती बंदूक. त्याचं खरं हत्यार मात्र कान आणि गळा हे होतं, आणि ते तयार व्हायला त्याचं अख्खं बालपण लागलं.

एडवर्ड जेम्स कॉर्बेटचा जन्म २५ जुलै १८७५ चा, नैनितालचा. वडील क्रिस्टोफर तिथे पोस्टमास्तर होते. घरात पोरांची रांग लागलेली. १८८१ मध्ये वडील गेले तेव्हा जिम सहा वर्षांचाही नव्हता. आई मेरी जेनने घरं भाड्याने द्यायचा व्यवसाय सांभाळत संसार ओढला. उन्हाळ्यात कुटुंब नैनितालला राहायचं आणि थंडी सुरू झाली की खाली तराईत, कालाढुंगीला यायचं.

कालाढुंगीचं घर जंगलाला खेटून होतं. घराबाहेर पाऊल टाकलं की रानकोंबडे, मोर, चितळ. जरा पुढे गेलं की बिबट्या आणि वाघ. मोठा भाऊ टॉम त्याला सोबत न्यायचा, पण जंगल शिकवायची टॉमची पद्धत जरा कडक होती. पोराला एकट्याला बसवायचं आणि आपण पुढे निघून जायचं.

आता भीतीचा एक किस्सा ऐका, कारण सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते.

कालाढुंगीत डॅन्से नावाचा एक आयरिश माणूस होता. तो पोरांना भुताच्या गोष्टी सांगायचा. आयर्लंडमधली बॅन्शी म्हणजे आपल्या हडळीचीच लांबची बहीण. ती रानात किंचाळते आणि ऐकणाऱ्याचं वाईट होतं, असा समज. एके दिवशी छोटा जिम जंगलात एकटा असताना वारा सुटला आणि झाडांमधून नेमकी तशीच किंकाळी आली. पोरगं धूम पळालं. कुणीही पळालं असतं. पण नंतर तो परत त्या जागी गेला. आवाज पुन्हा येईपर्यंत थांबला आणि त्याच्या रोखाने पुढे सरकला. पाहतो तर एक झाड दुसऱ्यावर कललेलं. वारा आला की दोघांची खोडं एकमेकांवर घासायची आणि त्यातून ती किंकाळी निघायची.

त्या दिवसापासून त्याला एक सवयच लागली. जंगलात कुठलाही आवाज आला की त्याचा मालक कोण हे शोधून काढल्याशिवाय पुढे जायचं नाही. आवाज किती लांबून आला, कुठल्या दिशेने आला, प्राणी उभा आहे की चालतोय, घाबरलाय की नुसता बोलतोय, हे तो एकेक करून जुळवत गेला.

न्यूमोनियातून उठल्यावर त्याच्या हाती गलोल आली. मग गोळ्या मारायचं धनुष्य, मग बाण. त्यानंतर एक म्हातारी, तोंडाने ठासायची दुनळी बंदूक. तिची एक नळी फुटलेली होती आणि तीही पितळी तारेने आवळून बांधलेली. हाताशी हत्यार असलं म्हणजे लांबून मारता येतं असं आपल्याला वाटतं. पण असल्या बंदुकीने काही मिळवायचं तर जवळच जावं लागायचं. जवळ जायचं तर चाहूल लागू द्यायची नाही, आणि त्यासाठी आधी जंगलाची भाषा यायला हवी.

ती भाषा शिकवणारा आणखी एक गुरू त्याला भेटला, कुंवरसिंग. चांदनी चौक नावाच्या जवळच्या गावाचा हा मुखिया पक्का चोरटा शिकारी होता. अफूचंही व्यसन होतं. कागदावर बघितलं तर मुलाने याच्या नादी लागू नये असं कुठलीही आई म्हणेल. पण रान वाचण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पुढे कॉर्बेटने पुस्तकांमध्ये ज्यांच्याबद्दल आपुलकीने लिहिलं, त्यात कुंवरसिंगचा नंबर बराच वर लागतो.

या सगळ्या शिक्षणात एक प्रसंग पोराला कायमचा पुरला. तो रानकोंबड्यांच्या मागे दबकत चालला होता. एका झुडपापाशी पोचला तर पलीकडून झुडूप हललं आणि वाघ बाहेर आला. तो वळला, हातात फुटकी बंदूक घेतलेल्या त्या पोराकडे पाहिलं आणि शांतपणे निघून गेला. साधा वाघ माणसाच्या वाटेला जात नाही, हे जिमला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

जंगलाची भाषा हा शब्द आपण सहज वापरतो, पण कॉर्बेटसाठी ती खरोखरची भाषा होती. वाघ निघाला की चितळ शीळ घातल्यासारखा टोकदार आवाज काढतो. सांबर भोंगा वाजवल्यासारखं ओरडतं. भेकर भुंकतं. झाडाच्या शेंड्यावरचं वानर खोकल्यासारखा इशारा देतं. ताडोब्यात गाईड अचानक गाडी थांबवून कान टवकारतो तेव्हा तो हेच ऐकत असतो. कॉर्बेट एक पायरी पुढे गेला. त्याने हे आवाज काढायलाही सुरुवात केली. आणि ते इतके हुबेहूब, की समोरचा प्राणी उत्तर द्यायचा.

आवाज काढून प्राण्याला जवळ आणायची ही कला जगभर आहे. आपल्याकडे फासेपारधी तितराचा, लाव्याचा आवाज काढून पाखरं जवळ आणतात, हे विदर्भ-मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना सांगायला नको. अमेरिकेत कायोटी नावाचा लांडग्याचा छोटा भाऊबंद असतो. तिथले शिकारी त्याच्यासाठी खास शिट्ट्या वापरतात. नव्याने शिकणारा शिकारी बहुतेक वेळा जखमी सशाच्या किंकाळीपासून सुरुवात करतो. म्हणजे समोरच्याला भुकेचं आमिष. दुसरा प्रकार जरा अवघड, त्यात त्या प्राण्याच्याच जातीचा आवाज काढायचा असतो. कधी जोडीदाराचा, कधी हद्दीत घुसलेल्या परक्याचा. तिथे एक सूर चुकला तरी समोरचा सावध होऊन निघून जातो.

आणि आवाजापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे वारा. कायोटी सरळ येत नाही. वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या बाजूला जातो आणि आधी वास घेतो. म्हणून तिथला जाणता शिकारी आधी वारा बघतो आणि मग शिट्टी तोंडाला लावतो.

कॉर्बेटचं गणितही वाऱ्याशी बांधलेलं होतं, फक्त थोडं उलट. माणसाला लांबचा वास येत नाही हे नरभक्षक वाघाला माहीत नसतं, असं त्याचं निरीक्षण होतं. वाघ माणसाला हरणासारखंच समजतो आणि आपला वास त्याच्यापर्यंत पोचू नये अशा बाजूने येतो. म्हणजे वारा तोंडावर घेत चालणाऱ्या माणसाला धोका समोरून नाही, पाठीमागून. नरभक्षकाच्या हद्दीत चालताना कॉर्बेट सतत हा हिशेब करायचा आणि त्याप्रमाणे वाट बदलायचा.

हे सगळं येत असलं तरी पोट जंगलावर चालत नव्हतं. शाळा संपल्यावर घरची परिस्थिती बघून तो रेल्वेच्या नोकरीत शिरला. आधी इंजिनांना लागणाऱ्या जळाऊ लाकडाचं काम, मग बिहारमध्ये गंगेकाठी मोकामा घाटावर मालाच्या चढउताराचं कंत्राट. एका बाजूची गाडी ब्रॉडगेजची, दुसऱ्या बाजूची मीटरगेजची. सगळा माल माणसांच्या डोक्यावरून इकडचा तिकडे न्यायचा. हे काम त्याने वीसेक वर्षं केलं आणि मजुरांसोबत स्वतःही ओझी उचलली. पहिल्या महायुद्धात पाचशे कुमाऊंनी माणसांची तुकडी घेऊन तो फ्रान्सलाही जाऊन आला. म्हणजे ज्याला आपण पूर्णवेळ शिकारी समजतो, त्याच्या बऱ्याच शिकारी या रजा टाकून केलेल्या आहेत.

त्यातली पहिली मोठी शिकार १९०७ ची, चंपावतची. या वाघिणीच्या नावावर नेपाळ आणि कुमाऊं मिळून ४३६ बळी धरले जातात. तिथे कॉर्बेटने आवाजाचाच वापर केला, पण सगळ्यात जुन्या पद्धतीने. तहसीलदाराने गावोगावची माणसं गोळा केली. २९८ जणांनी डोंगराच्या कड्यावरून ढोल, पत्रे, बंदुका, आरडाओरडा असा एकच कल्ला केला आणि वाघीण खाली हाकलली. कॉर्बेटकडची काडतुसं संपली, तेव्हा त्याने पळत जाऊन तहसीलदाराची बंदूक आणली आणि शेवटची गोळी तिने झाडली.

वाघीण पडल्यावर त्याने तिचा जबडा उघडून पाहिला. उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे तुटलेले होते. जुन्या गोळीची जखम. नेहमीची शिकार पकडता येईना म्हणून ती माणसांकडे वळली होती, आणि तिचे सुळे तोडणारा माणूसच होता. पुढे जवळपास प्रत्येक नरभक्षकाच्या शरीरात कॉर्बेट असंच काहीतरी शोधत राहिला. साळिंदराचे काटे, सडलेली जखम, जुनं छर्र्याचं शिसं. तो काळ लक्षात घेतला तर ही नजर वेगळी होती. बाकीचे शिकारी तेव्हा कातडं किती फूट भरलं एवढंच मोजत होते.

नंतरची यादी अनेकांना पाठ असते. १९१० चा पनारचा बिबट्या. १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा बिबट्या, ज्याने आठ वर्षांत १२५ माणसं मारली आणि केदारनाथ-बद्रीनाथच्या यात्रेकरूंना रात्री दाराबाहेर पडणं अशक्य केलं. १९३० मध्ये चौगडची वाघीण, जी समोर आली तेव्हा कॉर्बेटच्या डाव्या हातात रातव्या पक्ष्याची दोन अंडी होती. अंडी न फोडता त्याने उजव्या हाताने रायफल इंच इंच फिरवली. डोंगरातली माणसं त्याला कारपेट साहेब म्हणू लागली. आपल्या गावात साहेब आलाय म्हटल्यावर लोक आठवड्यांनी बंद असलेली दारं उघडायचे.

पण इथे एक गोष्ट दाबून पुढे जाणं बरोबर होणार नाही.

त्याच १९३० साली कॉर्बेटने आणखी एक वाघ मारला. पवळगडचा बॅचलर. हा नरभक्षक नव्हता. त्याने कुणा माणसाला त्रास दिल्याची तक्रार नव्हती. तो फक्त प्रचंड मोठा होता आणि दहा वर्षं अख्ख्या प्रांतातले शिकारी त्याच्या मागावर होते. या वाघालाही कॉर्बेटने आवाज काढूनच समोर आणलं. वाघ डरकाळ्या देत होता, कॉर्बेटने वाघिणीच्या आवाजात उत्तर दिलं आणि वाघ थेट त्याच्यासमोर आला. पहिल्या गोळीने तो नुसता जखमी झाला. त्यानंतरचे काही दिवस त्याचा माग काढण्यात गेले. अखेर तो मेला तेव्हा वळणांवरून मोजलेली त्याची लांबी १० फूट ७ इंच भरली.

कॉर्बेटने ही गोष्ट लपवली नाही, उलट सविस्तर लिहिली. पण आज वाचताना ती टोचते. ज्या हाकेने पुढे गावं वाचली, तीच हाक इथे एका ट्रॉफीसाठी दिली गेली होती. पुढे व्हाइसरॉय लिनलिथगोसाठी त्याने शिकारीचे बेत आखून दिले हेही खरंच. त्याला संत करून टाकणाऱ्या लेखांमध्ये हा भाग सहसा नसतो.

याच काळात त्याच्यात काहीतरी बदलत मात्र होतं. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन नावाचा वनअधिकारी रात्रीच्या अंधारात वाघांचे फोटो काढत होता. ते पाहून कॉर्बेटनेही कॅमेरा हातात घेतला. पुढे त्याला वाघाची फिल्म काढायचं वेड लागलं, तर तिथेही अडचण आवाजाचीच. त्या काळचा सिनेकॅमेरा घरघर करायचा आणि वाघ दचकून जायचा. कॉर्बेटने जंगलातल्या एका ओढ्यावर छोटा बांध घातला. पडणाऱ्या पाण्याच्या आवाजात कॅमेऱ्याची घरघर बुडून गेली आणि अगदी जवळून वाघांचं चित्रण झालं. बंदुकीसाठी कमावलेला कान इथे कॅमेऱ्याच्या कामी आला.

१९३६ मध्ये रामगंगेच्या खोऱ्यात हेली नॅशनल पार्क जाहीर झालं, भारतातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. कल्पना एकट्या कॉर्बेटची नव्हती. त्याच्याआधी काही वनअधिकाऱ्यांनी ती मांडली होती. पण गव्हर्नर हेलीशी असलेली मैत्री आणि त्या भागाची खडान् खडा माहिती यामुळे त्याचा शब्द वजनदार ठरला.

आता परत ठाकला येऊ.

१९३८ च्या सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत या वाघिणीने चार माणसं मारली होती. चंपावतच्या ४३६ पुढे चार म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण त्या खोऱ्यात लाकूडतोडीच्या कंत्राटावर हजारो मजूर यायचे होते, आणि डोंगरातल्या पायवाटांवरून रोज येणं-जाणं करणाऱ्या लोकांना आकडा किती हे महत्त्वाचं नसतं, पुढचा कोण हे महत्त्वाचं असतं. ठाक रिकामं झालं ते म्हणूनच.

कॉर्बेटने सगळे नेहमीचे मार्ग वापरून पाहिले. रेडे बांधले. मचाणावर रात्री काढल्या. ठसे बघत वाटा तुडवल्या. वाघीण आसपासच होती, कधी अगदी जवळ, पण समोर येत नव्हती. वय ६३, झोप नाही, थंडी वाढत चाललेली. हातातले दिवस संपत आले.

तिच्या बाजूने एकच दार उघडं होतं. नोव्हेंबरपासून पुढे वाघांच्या मीलनाचा हंगाम असतो. माजावर आलेली वाघीण जोडीदार मिळेपर्यंत डरकाळ्या देत फिरते आणि शांत डोंगरात तो आवाज दोन-तीन किलोमीटर सहज जातो. ती त्या दिवसांत सतत बोलत होती आणि तिला उत्तर देणारा नर आसपास नव्हता.

म्हणून त्या संध्याकाळी कॉर्बेटने उत्तर दिलं.

हे किती धोक्याचं होतं ते नीट समजून घ्या. मचाणावर बसलेला शिकारी निदान जमिनीपासून वर असतो. इथे सगळे जमिनीवर होते. हाक मारली म्हणजे आपण नेमके कुठे आहोत हे वाघिणीला सांगून टाकलं. ती आली आणि अंधार आधी झाला, तर पायवाटेवर एक माणसं खाणारी वाघीण, तिच्यापासून काही पावलांवर ही माणसं, आणि कुणालाच काही दिसत नाही. एकदा हाक दिल्यावर ती परत घेता येत नाही.

वाघिणीने लगेच उत्तर दिलं. आवाज जवळ आला होता.

कॉर्बेट माणसांना घेऊन वाटेवरच्या एका खडकापाशी धावला. खडक साधारण छातीएवढा उंच. माणसं आणि बकऱ्या त्याच्या आडोशाला खाली दाटीवाटीने बसवली. स्वतः खडकाच्या अरुंद कंगोऱ्यावर पाय रोवून, एका हाताने आधार घेत, रायफल खडकावरून पुढे करून थांबला. पाय ठेवायला धड जागाही नव्हती. त्याने पुन्हा हाक दिली. पुन्हा उत्तर, आणखी जवळून. उजेड मिनिटामिनिटाला कमी होत होता.

इथे सगळा खेळ वेळेचा होता. हाक कमी दिली तर ती रेंगाळेल आणि अंधार पडेल. जास्त दिली तर जवळून नक्कल ओळखू येईल. लांबून फसवणं सोपं, दहा पावलांवरून अवघड. कॉर्बेटने वाघाच्या आवाजातल्या बारीकसारीक छटा पन्नास-पंचावन्न वर्षं ऐकल्या होत्या. कधी पूर्ण डरकाळी द्यायची आणि कधी नुसतं गुरगुरून मी इथेच आहे एवढंच कळवायचं, हे त्याला ठाऊक होतं.

शेवटची डरकाळी तिने इतक्या जवळून दिली की खडकामागच्या माणसांच्या अंगातून ती आरपार गेली असणार. मग झुडपांतून तिचं डोकं दिसलं, अगदी काही फुटांवर. पहिली गोळी उजव्या डोळ्याखाली लागली. दुसरी नळी जवळजवळ आपोआप उडाली आणि ती गोळी गळ्यात गेली. त्या धक्क्याने कॉर्बेटचा तोल गेला आणि तो कंगोऱ्यावरून मागे, खाली बसलेल्या माणसांवर आणि बकऱ्यांवर कोसळला. पुढची उडी वाघिणीचीच असेल की काय हे ठाऊक नसतानाही त्या माणसांनी त्याला झेललं.

ती मेली होती. तिच्या अंगावर बंदुकीच्या दोन जुन्या जखमा निघाल्या. खांद्यावरची जखम चिघळलेली होती. चंपावतला जे दिसलं होतं तेच इथेही, ३१ वर्षांनी.

तिला मेल्यानंतर न्याय मिळाला की दगा झाला, यावर वाचकांची आजही दोन मतं पडतात. ती जोडीदाराला शोधत आली होती, हे खरं. ती जिवंत असती तर पाचवं माणूस ठरलेलं होतं, हेही खरं. कॉर्बेटची बाजू घ्यायची तर एवढं म्हणता येईल की बॅचलरला फसवताना त्याच्या बाजूला फक्त हौस होती. ठाकला मात्र त्याने स्वतःचा जीवही पणाला लावला होता आणि पाठीमागे एक रिकामं गाव होतं.

यानंतर तो नरभक्षकांच्या मागे गेला नाही. पण आवाज काढणं सुटलं नाही. फक्त ऐकणारे बदलले.

नैनितालच्या शाळांमध्ये तो जंगलावर व्याख्यानं द्यायचा. चित्रं दाखवायचा आणि मधेच पक्ष्यांचे, हरणांचे, बिबट्याचे आवाज काढायचा. वाघाची डरकाळी असायचीच. ज्यांनी लहानपणी बंद खोलीत ती ऐकली, त्यांची काय अवस्था झाली असेल याचा विचार करा.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याला ब्रह्मदेशच्या जंगलात लढायचं होतं आणि शहरातून आलेल्या सैनिकांना जंगलात एक रात्र काढणंही जड जात होतं. तेव्हा सत्तरीला टेकलेल्या कॉर्बेटला लेफ्टनंट कर्नलचा हुद्दा देऊन मध्य प्रांतात पाठवलं. जागा होती छिंदवाडा, आपल्या नागपूरच्या शेजारची. तिथे त्याने सैनिकांना जंगलात तग धरायला शिकवलं. पाणी कसं शोधायचं, काय खायचं आणि मुख्य म्हणजे कुठल्या आवाजाचा अर्थ काय. पोरवयात कुंवरसिंगकडून घेतलेले धडे आता फौजेच्या शिकवणीत आले होते. त्याच काळात मलेरियाने त्याला असं गाठलं की तब्येत पुन्हा पूर्वीसारखी झाली नाही.

आणि त्याच १९४४ मध्ये मुंबईत ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने त्याचं पुस्तक काढलं, मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं. त्याआधी त्याने काही शिकारकथा जेमतेम शंभर प्रतींमध्ये छापून ओळखीच्यांना वाटल्या होत्या. हे पुस्तक मात्र जगभर गेलं. १९४८ मध्ये हॉलिवूडने त्यावर सिनेमा काढला, ज्याचा पुस्तकाशी संबंध नावापुरताच होता. ठाकच्या वाघिणीची गोष्ट याच पुस्तकात आहे आणि बॅचलरचीही.

स्वातंत्र्यानंतर, १९४७ च्या नोव्हेंबरमध्ये, कॉर्बेट आणि त्याची बहीण मॅगी केनियाला निघून गेले. दोघांनीही लग्न केलं नव्हतं. ज्या देशात जन्म झाला आणि ७२ वर्षं गेली, तो सोडून जाणं सोपं नसणार, पण नव्या भारतात आपल्याला जागा असेल की नाही याची धास्ती तेव्हाच्या अनेक इंग्रज कुटुंबांना होती. कालाढुंगीजवळ छोटी हल्द्वानी नावाचं गाव त्याने वसवलं होतं. रानडुकरं शेतात येऊ नयेत म्हणून गावाभोवती दगडी भिंत घातली होती. ते गाव त्याने कसणाऱ्या लोकांच्या हवाली केलं आणि केनियातून त्यांचा शेतसारा भरत राहिला.

केनियात न्येरी या गावी ही भावंडं पॅक्सटू नावाच्या छोट्या घरात राहिली. स्काउट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन पॉवेलसाठी बांधलेलं घर ते. तिथल्या जंगलात ट्रीटॉप्स नावाचं झाडावरचं हॉटेल होतं. १९५२ च्या फेब्रुवारीत इंग्लंडची राजकन्या एलिझाबेथ तिथे मुक्कामाला आली, तेव्हा सोबत म्हणून कॉर्बेटला बोलावलं होतं. त्याच रात्री इकडे इंग्लंडमध्ये राजे सहावे जॉर्ज वारले. झाडावर चढताना राजकन्या असलेली ती तरुणी, उतरली तेव्हा राणी होती. खाली पाणवठ्यावर हत्ती आणि गेंडे येत होते आणि ७६ वर्षांचा कॉर्बेट वर बसून पहारा देत होता.

१९ एप्रिल १९५५ ला हृदयविकाराने त्याचं निधन झालं. न्येरीच्या सेंट पीटर्स चर्चच्या आवारात, बेडन पॉवेलच्या जवळच, त्याची कबर आहे. त्यानंतर दोनेक वर्षांत भारत सरकारने हेली पार्कला त्याचं नाव दिलं. १९६८ मध्ये इंडोचायनातल्या वाघाच्या उपजातीला कॉर्बेटाय हे नाव मिळालं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने वाघाची शिकार बंद झाली आणि १ एप्रिल १९७३ ला प्रोजेक्ट टायगरची सुरुवात त्याच्याच नावाच्या जंगलातून झाली.

छोटी हल्द्वानीतलं त्याचं घर आता संग्रहालय आहे. नैनिताल किंवा रामनगरकडून येताना कालाढुंगीच्या रस्त्यालाच लागतं. गावाभोवतीची भिंत बऱ्याच ठिकाणी अजून उभी आहे. रात्री पलीकडच्या जंगलात सांबर ओरडलं, तर ते कशासाठी ओरडलं हे सांगणारी माणसं गावात आजही मिळतात.